पहिलाच जोड बसला होता

प्रिय बोनोलो,

तुझा निरोप मिळाला. शनिवारी पहिल्या बसने येतेस आणि आत्यासाठी गुडघ्यांचं मलम आणतेस, दोन्ही कळलं. मोचुदीत थंडी वाढली आहे. सकाळी नळ आधी नुसता खोकतो, मग पाणी देतो. तपकिरी शेळीला दोन पिल्लं झाली. तुझे बाबा असते तर जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून दाखवत बसले असते, जणू बाळंतपण त्यांनीच केलं. मी एकटीने पाहिली आणि ज्वारीची पेज ढवळायला आत गेले.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू लगेच ‘असू दे गं आई’ म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच संपतं. कागद मला मधेच अडवत नाही.

त्या मॉलच्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. नोव्हेंबरात बाबांना माती दिली, त्याच संध्याकाळी खालेबोए आत्याने मला जुने नियम सांगितले, तू शेजारीच होतीस. वर्षभर काळे कपडे. आवाज खाली. सूर्य मावळायच्या आत घरात. आणि कुणाच्या हाताला हात लावायचा नाही, कारण नवरा गेलेल्या बाईच्या अंगात मरणाची धग असते, ती दुसऱ्याला लागते. आता पुष्कळ घरांत एवढं पाळत नाहीत. पण आत्याने आपल्या नवऱ्यासाठी हे सगळं पाळलं होतं. जे स्वतः केलं नाही ते ती दुसऱ्याला सांगत नाही. म्हणून मी वाद घातला नाही. तूही घातला नाहीस. सुट्टीला आलीस की माझं ताट हातात न देता चटईवर ठेवतेस, आणि तुझी नजर दुसरीकडे असते. मी तुला दोष देत नाही. गावातल्या वाटेवर माणसं माझ्यासाठी बाजूला होतात, अगदी आदराने. सात महिन्यांत मला एकदाही कुणाचा धक्का लागलेला नाही.

मग जूनमध्ये, ऐन थंडीत, तू म्हणालीस, ‘आई, तुझ्या जोड्याचा तळ निघालाय, चल गाबोरोनला.’ आत्या म्हणाली, ‘जा, पण सूर्य डोंगराआड जायच्या आत ती मला या अंगणात दिसली पाहिजे.’ तू हो म्हणालीस. मॉलमध्ये शिरलो आणि दारातच एक बाई पिशव्यांसकट माझ्यावर आदळली. ‘सरका की हो म्मा, दारात काय उभ्या राहता’ असं म्हणून निघूनही गेली. तुला राग आला होता. मला नव्हता आला. तिथे माझा काळा पोशाख कुणाला दिसतच नव्हता. काचेतल्या बाहुल्याही काळ्या कपड्यांत उभ्या होत्या आणि त्यांच्याजवळ लोक हसत फोटो काढत होते.

तू मला सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर बसवलंस. ‘माझी फोनवाल्याकडची रांग होईपर्यंत तू वर जाऊन जोडे बघ, चारला इथेच भेटू.’ जिन्याशी मोठा नकाशा होता, त्यावर लाल ठिपका आणि शेजारी लिहिलेलं, ‘तुम्ही इथे आहात.’ माणसाला एवढं स्पष्ट सांगणारी पाटी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मी ती दोनदा वाचली. मग जिन्यावर पाय ठेवला, कठडा घट्ट धरला आणि वर गेले.

जोड्यांच्या दुकानात एक बाई होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, पेलोनोमी. मी म्हटलं, ‘सहा नंबरचे सपाट जोडे द्या, काळे, मी घालून बघते.’ ती म्हणाली, ‘तुम्ही कशाला बघता म्मा, मग मी कशासाठी पगार घेते? बसा. पाय द्या इकडे.’ आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून तिने माझा पाय दोन्ही हातांत घेतला. मी तो मागे ओढला. तिने माझ्या कपड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘लाजू नका. मी दिवसाला शंभर पाय बघते, त्यातले नव्वद घामट. तुमचा त्या मानाने राजाचा आहे.’ आणि पुन्हा पाय धरला. अंगठ्याने घोटा दाबून म्हणाली, ‘सूज आहे. फार उभ्या राहता का?’

बोनोलो, तिचे हात गरम होते. एवढंच लिहिता येतं.

पहिलाच जोड बसला होता. मी म्हटलं, बोटांना लागतो. तिने दुसरा आणला, तर मी म्हटलं, टाच सैल आहे. तिसऱ्या जोडाला तिला कळलं असावं, कारण तिने काही विचारणं सोडून दिलं. ती नुसती डबे आणत राहिली. दर वेळी आधीचा जोड काढायची, तळवा पुसल्यासारखा करायची आणि नवा चढवायची. मधे दुसरं गिऱ्हाईक आलं की म्हणायची, ‘बसा हं म्मा, पळून जाऊ नका, अजून अर्धं दुकान बाकी आहे.’ मी बसून राहायचे. एकदा विचारलं तिने, ‘साहेब कसे होते?’ मी म्हटलं, ‘जोडे घालायला कंटाळायचे.’ ती मोठ्याने हसली, आणि मीही हसले, आवाज खाली न ठेवता.

नंतर मी तुला सांगितलं की मी वाट चुकले, फोन बंद पडला, आणि आत खिडक्या नसल्यामुळे सूर्य कळला नाही. तू विश्वास ठेवलास. पण मी कशी आहे हे तुला ठाऊक आहे. मी शाळेत गेले नाही, साखरेच्या पुड्यांवरून आणि बियाणांच्या पिशव्यांवरून अक्षरं शिकले, तेव्हापासून लिहिलेलं काही सोडत नाही. औषधाच्या डब्यातला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचते. जिथे भिंतीभिंतीवर अक्षरं आहेत तिथे मी कशी चुकेन? दुकानात माझ्या डोक्यावरच घड्याळ होतं. फोन थरथरला तेव्हा सव्वाचार झाले होते. तुझं नाव वाचलं आणि तो शालीखाली सरकवला. पाच वाजता पुन्हा तेच केलं. साडेपाचला बाहेर सूर्य गेला असणार हे मला माहीत होतं.

त्यानंतर छतातून आवाज आला, ‘मोचुदीच्या म्मा बोनोलो, आपली मुलगी माहिती कक्षापाशी वाट पाहत आहे.’ दोनदा आला. पेलोनोमीच्या हातात माझा डावा पाय होता. तिने वर पाहून विचारलं, ‘म्मा, तुम्हीच का या?’

मी म्हटलं, ‘नाही.’

तू जन्मलीस त्या दिवशी मला ते नाव मिळालं, बोनोलोची आई. त्याआधीच्या नावाने आता मला कुणीच हाक मारत नाही. तू खाली रडवेली होऊन पहारेकऱ्यांना माझं वर्णन सांगत होतीस, आणि मी वर बसून तुझं नाव नाकारलं, अजून एका जोडासाठी. सहा वाजून गेल्यावर पेलोनोमीनेच डबे उचलले. ‘आता जा म्मा. कुणाची तरी आई हरवली आहे,’ ती म्हणाली. मी काही न घेता खाली आले आणि बाकावर बसले. तू मला तिथे बसलेली पाहिलंस.

घरी पोचलो तेव्हा अंधार होता आणि आत्या फाटकात उभी. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, ‘चूक माझी आहे. रांगेत मलाच उशीर झाला, आई कधीची निघू म्हणत होती.’ मी ते ऐकलं आणि गप्प राहिले. आत्या म्हणाली, ‘बापाची माती अजून बसली नाही आणि लेकीला दुकानांची हौस. जिला आईचा एक दिवस सांभाळता येत नाही, तिला दुसऱ्याच्या घरी कोणत्या तोंडाने पाठवू?’ तू मान खाली घातलीस. मला वाटलं, राग आहे, निवळेल.

निवळला नाही. मामा काल येऊन सांगून गेला. आत्याने ठरवलं आहे की काबोच्या घरच्यांना तुला मागणी घालायला अजून एक वर्ष येऊ द्यायचं नाही. काबोचे मामा म्हणतात, एकदा मरणामुळे थांबलो ते बरोबरच होतं, आता परतवलं तर पुन्हा येणार नाही. शनिवारची बैठक त्यासाठीच आहे. आणि तू आत्याला कळवलंस म्हणे, तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे. ते ऐकलं आणि मी हा कागद काढला.

शनिवारी तू बोलू नकोस. मामा विचारेल तेव्हा मी उभी राहीन आणि वर लिहिलं तेवढं सगळं सांगेन, घड्याळ आणि शालीखालचा फोन धरून. आत्या कदाचित माझे काळे कपडे आणखी एक वर्ष वाढवेल. वाढवू दे, नियम माझ्याकडून मोडला आहे. पण त्या दिवसाची किंमत काबोच्या घरच्यांनी द्यायची नाही आणि तू तर नाहीच. हे सगळ्यांसमोर पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये, म्हणून आधी लिहिलं. अजून एक कारण आहे, ते बैठकीत सांगणार नाही. मला जे हवं होतं ते मी परक्या बाईकडे मागितलं, कारण तुझ्याकडे मागितलं असतं तर तू आत्याचा नियम मोडला असतास आणि आयुष्यभर भीत राहिली असतीस. रागावली असलीस तर रागावूनच ये, पण पहिल्या बसने ये.

तुझ्याच नावाने ओळखली जाणारी, तुझीच,
म्मा बोनोलो