बॅटरी का उतरते

५ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा उतरली! चावी फिरवली तर नुसतं टिक् — आणि गप्प. अडीच महिन्यांची नवी बॅटरी. एकतीस वर्षं एसटी चालवली, बॅटरी कशी सांभाळायची हे मला कोणी शिकवू नये.

टर्मिनल गरम पाण्याने धुतले, पुसले, व्हॅसलिन लावलं. सहाही खणांत डिस्टिल्ड वॉटर बरोबर रेघेपर्यंत आहे. मागच्या रविवारी अर्धा तास इंजिन चालू ठेवलं होतं. मग गेलं कुठे सगळं?

केसरचं म्हणणं, चाळीस वर्षांची फियाट आहे, तिलाही थकवा येत असेल. बायको माझी, पण बाजू गाडीची!

६ ऑक्टोबर

बॅटरीवाल्या पियुषच्या दुकानात जाऊन चार माणसांसमोर बोललो. जुना माल पुसून नवा म्हणून विकतोस, असं म्हणालो. त्याने बॅटरी उचलून घेऊन तपासली. बॅटरी चार्ज करून दिली आणि एवढंच म्हणाला, "काका, आठ दिवस निगेटिव्हची वायर काढून ठेवा. तरी उतरली त बदलून देतो."

१४ ऑक्टोबर

आठ दिवस वायर काढलेली होती. आज जोडली, चावी लावली — पहिल्याच झटक्यात सुरू! म्हणजे बॅटरी चांगली आहे. गाडीतच काहीतरी करंट खातंय. वायर आता जोडलेलीच ठेवली आहे. बघू.

१६ ऑक्टोबर

चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलो. बसने. पूर्वी दरवर्षी फियाटने जायचो — मी, केसर, आणि मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली हर्षा. ही गाडी घेतली तेव्हाच ठरवलं होतं, पोरीला नवरी म्हणून हिच्यातूनच न्यायचं.

चार वर्षांपूर्वी स्थळ पाहिलं. पाहुणे जेवून गेले, आणि संध्याकाळी हर्षाने सांगितलं की तिने लग्न नोंदवलं आहे. ती एटापल्लीला नर्स, तो तिथलाच शिक्षक. लच्छू नाव. मी म्हणालो, माझ्यासाठी तू संपलीस. तेव्हापासून गाडी पेट्रोल पंपाच्या पुढे गेलेली नाही.

लोकांना सांगतो की तिने विचारलं नाही याचा राग आहे. या पानाला खोटं कशाला सांगू? पोरगा गोंड आहे, हे मला टोचलं. मला! जात मोडा म्हणून गावोगाव बोलत फिरणाऱ्याला! आज स्टेजवरचा माणूस तेच सांगत होता आणि मी आपल्या चपलांकडे बघत बसलो होतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

चोर सापडला.

दुपारी दोन ते चार मी झोपतो. आज झोप लागेना, म्हणून शेडकडे गेलो. गाडीत केसर! मागच्या सीटवर बसलेली, फोन कानाला. मागची काच खाली होत नाही, हँडल माझ्याच हाताने तुटलं आहे. म्हणून दार अर्धं उघडं आणि एक पाय बाहेर. दार उघडं असलं की छतातला दिवा लागतो. भर दुपारी तो कोणाला दिसणार? आणि जाताना आवाज नको म्हणून ती दार आपटत नाही, नुसतं लोटते. मला वाटायचं, दाराचं लॉक सैल झालंय. दिवा रात्रभर जळतो, बॅटरी संपते.

मी मागे सरकून शेडलगतच्या कुडाआड उभा राहिलो. "जेवले तुझे बाबा," केसर सांगत होती. "हो व, गोळी बी घेतली. झोपले आता."

म्हणजे पोरीने पहिलं तेच विचारलं.

१९ ऑक्टोबर

दोन वाजता झोपेचं सोंग घेतलं आणि केसर शेडकडे गेल्यावर मागोमाग गेलो.

२३ ऑक्टोबर

पियुषकडे गेलो. दुकानात तो एकटाच होता. चार माणसांसमोर बोललो होतो, तर माफीही चार माणसांसमोरच मागायला हवी, म्हणून गिऱ्हाईक येईपर्यंत बाकावर बसून राहिलो. माफी मागितली. तो लाजला, चहा मागवला. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

येताना डॅशबोर्डवर बसवायचा बारा व्होल्टचा छोटा पंखा आणला. पत्र्याचं शेड, ऑक्टोबरचं ऊन, आणि ही बाई तिथे दोन-दोन तास उकडत बसते! पंखा मागच्या सीटकडे तोंड करून लावला. केसरला सांगितलं, गाडी पुसताना मला घाम येतो. ती बरं म्हणाली.

आता बॅटरी आणखी लवकर उतरेल. उतरू दे! चार्जर घरी आणला आहे. रोज पहाटे लावतो, फिरून आलो की काढतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

रोज कुडाआड उभा राहतो. या वयात चोरून ऐकायचं म्हणजे लाजच, पण दोन वाजले की पाय तिकडेच वळतात. केसर हल्ली स्पीकर लावून बोलते, कान कमी झाला असेल. त्यामुळे हर्षाचा आवाज ऐकायला मिळतो. चार वर्षांत जरा भारी झालाय. हसते मात्र तशीच, मध्येच श्वास ओढून.

आज कळलं — तिला नववा लागलाय.

"आई, तू ये ना," म्हणत होती. "दुसऱ्यायचे किती बाळंतपणं केले मी, पण मले सोताचं भेव लागून राह्यलं."

केसर म्हणाली, "येईन त दोघं येऊ. एकटी नाई येत मी."

पोरगी रडत होती, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

केसर माझ्यासाठी अडून बसली आहे. आणि मी कशासाठी अडून बसलोय?

३० ऑक्टोबर

बॅटरी पूर्ण चार्ज. हायड्रोमीटरने सहाही खणांतलं ॲसिड तपासलं, एकाचंही माप लाल पट्ट्यात नाही. टर्मिनल आवळले. फॅनबेल्ट बदलला, टायरमध्ये हवा भरली. मागच्या काचेचं हँडलही बसवलं — चार वर्षं पडून होतं, वीस मिनिटांचं काम! केसर दारात उभी राहून बघत होती.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चहा घेताना म्हणालो, "केसर, कपडे भर. उद्या एटापल्लीले जाऊ."

तिने कप खाली ठेवला. मग विचारलं, "गाडी पोचंन का तिथवर?"

"दार नीट लावशीन त पोचंन," मी म्हणालो. "नाईतर दिवा जळत राह्यते."

तिने पदर तोंडाला लावला. रडली की हसली, मला कळलं नाही. उठून खाटेखालून पिशवी ओढली. आत बाळाची लंगोटं, टोपडी, डिंकाचे लाडू. सगळं भरून तयार! कधीपासून, ते विचारायची हिंमत झाली नाही.

२ नोव्हेंबर, एटापल्ली

पोचलो. आलापल्लीच्या पुढे रस्ता फार खराब. गाडी कुठेही बंद पडली नाही. लच्छूने पिशव्या उतरवून घेतल्या, आधी मला पाणी दिलं. हर्षा पाया पडायला वाकू लागली, तिला वाकू दिलं नाही, जवळ घेतलं.

जेवताना हर्षा म्हणाली, "बाबा, तुमी कुडामांगं उभे राहता, हे आईनं पयल्याच दिवशी पाह्यलं होतं. तुमाले आयकू यावं म्हणून त स्पीकर लावत होती ते."

केसरला विचारलं, मग तेव्हाच हाक का नाही मारलीस?

ती भात वाढत होती. म्हणाली, "हाकेनं आणून काय करू? तुमचं तुमाले यावं वाटलं पाह्यजे होतं."