आईच्या वासातलं एक द्रव्य

अमळनेर
९ फेब्रुवारी २०२५

चि. भूषणराव यांस,
आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. तुमच्याकडेही सगळं ठीक असेल असं धरून चालतो.

धुळं इथून तासाभरावर, तरी मी पत्र लिहितोय याचं तुम्हाला नवल वाटेल. फोनवर आपलं बोलणं गार्गीच्या खोकल्यापलीकडे जात नाही, आणि फोन चालू असला की ती जवळच घुटमळत असते. म्हणून पत्र.

गार्गीचा समोरचा दात पडला. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती ज्वारीचं कणीस झाली होती. कणसाचा झगा तुमच्या सासूबाईंनी घरीच शिवला. त्यांचे गुडघे दुखतातच, पण शिवणावर बसल्या की गुडघे विसरतात.

आता काम सांगतो. आमची सुलक्षणा जे अत्तर लावायची, त्याची एखादी बाटली तुमच्याकडे राहिली आहे का? पहिली बाटली साखरपुड्यात तुम्हीच दिली होती. पुढे ती तेच मागवत राहिली. दुसरं कुठलं तिला चालायचं नाही. आता त्या परदेशी कंपनीनं ते काढणंच बंद केलं आहे. मुंबईपर्यंत चौकशी केली, कुठेही नाही.

जळगावच्या एमआयडीसीत मी अगरबत्तीच्या सुगंधांचा केमिस्ट होतो, हे तुम्हाला माहीत आहे. काम कसं असायचं ते कधी बोलण्यात आलं नाही. गिऱ्हाईक परदेशी अत्तराची बाटली टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, अस्सा वास करून द्या, पण स्वस्तात. आम्ही द्यायचो. नोकरीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांचे वास पुन्हा करण्यात घालवली. तेव्हा वाटलं, हा एक आपल्या घरचाही करून बघू.

सुलक्षणाच्या पर्समध्ये छोट्या फवाऱ्यात थोडं शिल्लक होतं. ते घेऊन जळगावला झुलालकडे गेलो. आम्ही एकत्र नोकरीला होतो, आता त्याची स्वतःची प्रयोगशाळा आहे. त्याच्या यंत्रात थेंब सोडला की आतल्या एकेका द्रव्याची रेघ कागदावर उमटते. बहुतेक सगळी द्रव्यं ओळखीची निघाली. एक उंच रेघ मात्र कशाशीच जुळेना. झुलाल म्हणाला, ‘‘भाऊ, हे त्या कंपनीचं स्वतःचं. ते कुणाला विकत नाहीत.’’ अशी द्रव्यं असतात. कंपनी ती आपल्याच प्रयोगशाळेत घडवते, पेटंट घेते आणि फक्त आपल्या अत्तरात घालते. त्यांच्या जागी आम्ही जवळपासचं दुसरं काही बसवायचो. इथेही तेच करावं लागणार. पण त्या तपासणीत पर्समधलं सगळं संपलं. आता माझं मिश्रण कशाशी ताडून पाहू?

जूनपासून गार्गीला तुमच्याकडे धुळ्याला नेण्याचं तुम्ही दिवाळीत बोललात, परवा पुन्हा बोललात. पोर रात्री दचकून उठते आणि आईची ओढणी शोधते. ओढणीला आता नुसता साबणाचा वास येतो. अशा पोरीला नव्या घरी कशी पाठवू? आधी तिला नीट झोप लागू द्या, मग जूनचं बघू.

बाटलीचं तेवढं पाहा.

शालिग्राम बोरसे


अमळनेर
११ मे २०२५

चि. भूषणराव आणि चि. सौ. रूपा, दोघांनाही अनेक आशीर्वाद.

एप्रिलच्या सुरुवातीला हितेंद्र बाटली घेऊन आला. तुमचा भाऊ उन्हातून मोटरसायकलवर आला आणि मी त्याला धड चहाला थांबवलं नाही. तुम्हालाही फोनवर ‘‘मिळाली’’ एवढंच म्हणालो. त्यापुढचं सांगायला महिना लागला.

बाटली येण्याआधीच माझं मिश्रण तयार झालं होतं. त्या न मिळणाऱ्या द्रव्याच्या जागी मी दोन प्रकारची कस्तुरी घातली, अर्थात कारखान्यात बनते ती, आणि थोडं हेडिओन. हेडिओननं वासात हवा खेळते, मोगऱ्याच्या ताटव्याजवळून गेल्यासारखी. आठवणीवर विसंबून प्रमाण बदलत राहिलो. वास जवळ आला, पण तो नव्हे. मूळ वासात शेवटी एक ऊब होती, उन्हात वाळलेला कपडा गालाला लावावा तशी. माझ्या वासात ती येईना. तरी होळीनंतर गार्गीच्या उशीला लावला. तिनं नाक खुपसलं, ‘‘आईचा,’’ म्हणाली आणि खेळायला पळाली. त्या दिवशी मी फार खूश होतो. नोकरीतही गिऱ्हाइकानं मान डोलावली की आमचं काम संपायचं.

मग तुमची बाटली आली. जाड रुमालात गुंडाळलेली, बुचाला टेप लावलेली. हितेंद्रनं जाता जाता सांगितलं की बाटली रूपावहिनींनी काढून दिली, कपाटात खाली, अंधारात, त्यांनीच जपून ठेवली होती. उजेड लागला की अत्तर उतरतं. हे जराही उतरलं नव्हतं. त्या घरात नव्यानं आलेल्या बाईनं हे का जपावं? मी तिच्याबद्दल मनात जे काही धरून बसलो होतो, ते त्या रुमालाची गाठ सोडताना मला आठवत होतं.

दुपारी सगळे झोपल्यावर मी कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारला. भूषणराव, ती आली. दिवाळीला एसटीतून उतरून यायची, पिशवी दारातच टाकायची आणि माझ्या खाटेवर टेकून म्हणायची, ‘‘आबा, आधी पाणी द्या, मग ख्यालीखुशाली.’’ तशी आली. मी पट्टी हातात धरून बसलो. वास पट्टीवरून जाईपर्यंत हललो नाही.

संध्याकाळी गार्गीला बोलावलं. नवी पट्टी तिच्यापुढे धरली आणि विचारलं, हा कुणाचा?

तिनं नीट हुंगलं, विचार केला. ‘‘माहीत नाही. छान आहे.’’

‘‘आईचा आहे.’’

‘‘नाही, आबा. आईचा तुमच्या टेबलावरच्या बाटलीत आहे.’’ मला समजत नाही असं वाटून तिनं टेबलावरची माझी बाटली आणून दाखवली. मग अंगणात गेली.

आई गेली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. तिच्या आठवणीत आईचा वास किती उरला असेल, कोण जाणे. जो काही होता त्याच्या जागी मी माझा वास बसवला. मोठी होईल, कधी कुठे मोगरा आणि कस्तुरी एकत्र आली की तिला आई आठवेल, आणि ते जळगावच्या बाजारातून आणलेलं माझं मिश्रण असेल. मूळ वास आता तुम्ही, मी आणि तुमच्या सासूबाई, एवढ्यांनाच माहीत.

त्या रात्री मी पुन्हा नवं मिश्रण करायला बसलो. आता ताडायला खरी बाटली होती, एखादे वेळी जमलं असतं. तुमच्या सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या सुलक्षणाबद्दल बोलत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणाल्या, ‘‘तुमले तो वास कोनासाठे जोयजे? पोरले ते बाप जोयजे.’’

पोरीला वास नव्हे, बाप पाहिजे, एवढं मला कळलं. बाटल्यांची बुचं लावली आणि दिवा बंद केला.

फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की गार्गी दचकून उठते. ते खरं नव्हतं. ती अंथरुणाला पाठ लागताच झोपते. मागच्या वर्षापासून तिनं ओढणी मागितलेली नाही. ओढणी माझ्या उशाखाली असते. दचकून मी उठतो. तुम्ही जूनचं विचारलंत आणि मला वाटलं, पोर गेली की घरात सुलक्षणाचं काहीच राहणार नाही. म्हणून पोरीची झोप पुढे केली.

तुमच्या दुसऱ्या लग्नानंतर मी वर्षभर तुमच्याशी कामापुरतंच बोललो. तुम्ही लवकर विसरलात असं मला वाटायचं. ती टेप लावलेली बाटली पाहिल्यावर तसं म्हणवत नाही.

तर गार्गीला न्या. शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात. हितेंद्रला पाठवू नका, दोघं या, जेवून जा. कळण्याची भाकरी आणि भरीत करायचं तुमच्या सासूबाईंनी ठरवलं आहे, उन्हाळ्यात चांगली वांगी कुठून आणणार ते त्यांनाच माहीत. गार्गीला विचारलं, जाशील ना? तिनं आधी विचारलं की रूपाकाकूला दोन वेण्या घालता येतात का. मी म्हटलं, येत असतील. मग ती शाळेचं दप्तर रिकामं करून त्यात बाहुलीचे कपडे भरू लागली. अजून तीन आठवडे आहेत म्हटलं तरी ऐकेना.

काल तिला म्हटलं, टेबलावरची आईची बाटली पण दप्तरात ठेव. तिनं बाटली उचलली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

‘‘राहू द्या आबा. तुम्हाला लागते ना.’’

भूषणराव, तिला हे कधीपासून ठाऊक होतं, मला सांगता येत नाही.

खरी बाटली तुमची आहे, पण ती परत पाठवत नाही. रूपाच्या घरात ती पुन्हा कपाटात लपून राहावी असं मला वाटत नाही. ती इथे माझ्याजवळ, अंधारातच ठेवीन. तुम्हाला कधी यावंसं वाटलं तर दुपारच्या गाडीनं येत जा, एकटे. मी घरीच असतो. बोललंच पाहिजे असं काही नाही. दोघं बसू, पट्टीवरचा वास जाईपर्यंत.

तुमची वाट पाहणारा,
सुलक्षणाचा बाप