बेमधून परत आलेला नारळ

गुरु., ७ ऑगस्ट
मंदारचा मेसेज. जहाज अजून इराणच्या आखातातच, नांगर टाकून. तोंडाशी गडबड आहे, बाहेर पडायची परवानगी नाही. 'काळजी नको, कंट्रोल रूमचा एसी मस्त आहे.' नवरा आहे की काय आहे.

लेकीची, ईराची, शाळेची असाइनमेंट : सी, गल्फ आणि बे यांतला फरक. मी शाळेतलं सांगितलं, आखाताचं तोंड अरुंद, उपसागराचं रुंद. तिने नकाशाच पुढे केला. "देन व्हाय इज आवर बे नॉट अ गल्फ?" आमच्या पॉइंट कुकसमोरच्या बेचं तोंड खरंच चिंचोळं. ज्याने त्याने वाटेल ती नावं ठेवलीत. आणि मला आता 'तोंड' शब्दच नको झालाय.

शनि., ९. नारळी पौर्णिमा
घरातलं माणूस पाण्यावर असलं की आज नारळ द्यायचाच, हा सासूबाईंचा नेम. बीचवर गेलो. सुपरमार्केटचा नारळ, शेंडी नाही. हळदकुंकू लावून सोडला. लाट नावाला नाही. दहा मिनिटांत परत पायाशी. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. कुत्रा फिरवणारे एक आजोबा "यू ड्रॉप्ड समथिंग, लव्ह" म्हणत हातात देऊन गेले.

सासूबाई रेवदंड्याहून फोनवर : "अगं, कोंडलेल्या पाण्यात काय सोडतेस? उघड्या दर्यात दे."
कोंडलेल्या म्हणाल्या आणि मला रडूच आलं.

रवि., १०
उघड्या समुद्रासाठी ओशन ग्रोव्ह, तासाभराचा ड्राइव्ह. तोच नारळ. ईरा गाडीत : "टेक्निकली दॅट्स अ स्ट्रेट, मम." सामुद्रधुनी. मंदारला जिथून बाहेर पडायचंय तीही सामुद्रधुनीच. गप्प बस म्हटलं, जरा जोरातच.

लाटा दणदणीत. सगळा जोर लावून फेकला. बेपेक्षा लवकर परत आला. ओल्या वाळूत बसलेच मी. ईराने उचलला, जॅकेटला पुसला. "इट केम बॅक, मम. इजंट दॅट व्हॉट वी वॉन्ट?"

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठेव देवापाशी."

मंगळ., १२
सकाळी ७.१०, मेसेज : 'नांगर उचलला. बाहेर पडेपर्यंत फोन बंद.'
WFH. मीटिंगमध्ये दोनदा हाक मारली तेव्हा ऐकू आलं. अ‍ॅपवर जहाजाचा ठिपका जागचा हललेला नाही. कदाचित तिथे ट्रॅकिंग बंद ठेवत असतील. कदाचित.

५.४०. काही नाही. भाजीला खोबरं नव्हतं. ईरा म्हणाली, देवापाशीचा फोडू या?
नको म्हटलं. बाबा आल्यावर.