रविवारी डबा पुसू नको

प्रिय प्रसेनजित,

जय भीम. तुझा बाप उद्या पुण्याले निघते, त्याच्या हाती हे पत्र देतो. फोनवर सांगतलं असतं, पण तुझी माय सपना फोन स्पीकरवर ठेवते आन् भिंतीपलीकडून मनकर्णाबाई हुंकार देते. तं आधी कामाचं आईक. रविवारी तू तिकडं बसल्या बसल्या आपला डबा पुसून नव्यानं भरणार म्हणतं. पुसू नको. काहून, ते खाली सांगतो.

उन्हाळ्यात तू टीव्हीजवळ तो काळा डबा लावला, सर्व्हर का काय म्हणतं तो. साऱ्या घराचे फोटो, सातबारा, तुझ्या मार्कशिटा त्यात. दुसऱ्याच्या गोदामात माल कायले ठेवा, आपली कोठी आपल्या घरी, हे तुझं मले पटलं. सॉफ्टवेअर फुकट म्हटलं तवा भेव वाटलं, फुकटाचं बियाणं मी पाह्यलं हाये. तं तू म्हणाला, हे ओपन सोर्स हाये, याची सारी कृती उघडी, कोणीबी वाचा, कोणीबी सुधरवा. मनकर्णाबाई मी लग्न होऊन आली तवापासून शेजारी हाये, पापडात काय टाकते ते अजून सांगत नाही. तिच्यापरीस हे लोक बरे.

सॉफ्टवेअर तू दोन दाखवले. पह्यलं डब्यातलं सारंच्या सारं हरेक फोनात ओतते. तुझ्या बहिणीच्या, पौर्णिमाच्या लग्नाचे फोटो ओतले आन् माझा फोन बैल बसावा तसा बसला. दुसरं नुसते नावं दाखवते, बोट लावलं का डब्यातून तेवढीच फाईल उतरते. मी म्हटलं, हे घे. भाकरीपुरती जवारी काढतो आपण, सारी कोठी परातीत उलटी करत नाही. तुझा बाप पह्यल्याच्या बाजूनं होता, तवा तं माझी खात्रीच झाली.

आता गेल्या आठवड्याचं. फोन उघडला तं अर्ध्या फायलींवर ढगाचं चित्र, आन् आत वजन शून्य. जिनं जलमभर सुपानं सोयाबीन पाखडलं, तिनं पोचट दाणा दिसल्यावर काय करावं? पाखडल्या. फोल उडवावं तशा एकेक उडवल्या. संध्याकाळी तुझी माय वरडत आली, पौर्णिमाचं लग्नच गायब! तिच्या फोनातून, तुझ्या बापाच्या फोनातून, पार तुझ्या पुण्यातून. मले काय ठाऊक, ढग म्हणजे पोचट नाही, माल डब्यात असल्याची चिठ्ठी हाये, आन् चिठ्ठी फाडली का मालबी जाते!

तू हासला. म्हणे, आजी, लग्न माझ्या लॅपटॉपवर वेगळं ठेवलं हाये, डबा पुसतो आन् पह्यलंच सॉफ्टवेअर टाकतो, तुझ्यासारखीले तेच बरं. तुझ्यासारखीले! पोट्ट्या, तुझं नाक मी पुसलं हाये. निवड बरोबर होती, पाखडणारी चुकली. सॉफ्टवेअर तेच ठेव. आन् तूच सांगतलं होतं, काढलेलं काही दिवस डब्यातल्या कचरापेटीत पडून राह्यते. डबा पुसला तं पेटीबी गेली.

त्या पेटीत एक फाईल हाये. तुझ्या लॅपटॉपवर नाही, कोणाच्याच फोनात नाही. माझ्या जुन्या फोनातून मीच डब्यात टाकली होती, आन् तो फोन तुझ्या मायनं मोडीत देला. नावाच्या जागी नुसते आकडे, मी यादीतल्या जागेवरून ओळखत होतो, पाखडताना जागा सरकली आन् ओळखू आली नाही. फोन शिकता शिकता चुकून आवाज भरल्या गेलता त्यात. तुझा आजा देवमन वरडून राह्यला, बुढी फोन घेऊन बसली, तिकडं वरण करपलं! बस, एवढंच हाये. मी रडाले म्हणून लावत नाही, सांगून ठेवतो. वरण करपलं नव्हतं, रे. तो वास मनकर्णाबाईच्या घरचा होता. तवा बटनं दाबण्यात जबाब द्यायचा राह्यला, म्हणून कवामवा लावतो आन् देतो. तो आईकत नाही, पण जिता होता तवा तरी कुठं आईकत होता! तेवढी फाईल काढ, मंग डबा पूस नाहीतर चाट.

तुझीच,
पाखडणारी आजी, बेबी