पालखीचा खांदा आणि हिरव्या चहाचा अर्क

ती. दादास,

कांजूरमार्गहून राजारामचा वाकून नमस्कार. (वाकता येतं, हे मुद्दाम नोंदवून ठेव.) विमलाचाही नमस्कार. तुझी कंबर, आईचे डोळे आणि गाभण म्हैस या तिन्हींची खुशाली कळव. आम्ही इथे मजेत आहोत, आणि वारा कचऱ्याच्या डेपोकडून येत नसेल तेव्हा खिडक्याही उघडतो.

फोनवर तू हसतोस, म्हणून पत्र लिहितो आहे. गेल्या शिमग्याला देवीची पालखी मी पुढच्या खांद्यावर घेतली आणि शाळेच्या चढणीला माझा दम संपला. तुझ्या चैतन्यने खांदा घेतला, पालखी नाचत पुढे गेली आणि मी शाळेच्या पायरीवर बसून तीन तांबे पाणी प्यायलो. तेव्हा तू चारचौघांत म्हणालास, "राजा, पुढच्या वर्षी पोट मुंबईला ठेवून ये." एकोणतीस वर्षं पुढचा उजवा खांदा माझा आहे, दादा. तुझं वाक्य मला लागलं, आणि त्या रागातच मी हिरव्या चहाच्या नादी लागलो.

सुरुवात सूनबाईने केली. अपूर्वाच्या अंधेरीच्या ऑफिसात सगळे ग्रीन टी पितात म्हणे. चव विचारू नकोस. गवत धुतलेलं पाणी गरम करून दिल्यासारखं लागतं, आणि वर साखर मागितली तर सगळे आपल्याकडे गुन्हेगारासारखे बघतात. मग दुसऱ्या मजल्यावरच्या जयाबाई आल्या. (गेल्या वर्षी त्या चुंबकाच्या गाद्या विकत होत्या, त्यातली एक आमच्याकडे माळ्यावर आहे.) त्यांनी ग्रीन टीच्या अर्काची डबी पुढे ठेवली. एका कॅप्सूलमध्ये कित्येक कपांचं सार, त्याने चरबी वितळते, कोलेस्टेरॉल उतरतं, साखर ताब्यात राहते, सुरकुत्या जातात, स्मरणशक्ती वाढते. गुडघ्याला चालेल का, असं मी सहज विचारलं. त्यांनी वही उघडून पाहिलं, तर गुडघ्यालाही चालत होतं.

डबीवर 'रोज एक' असं लिहिलं होतं. पण आपण गिरणी कामगारांची पोरं. ओव्हरटाइम केल्याशिवाय बरकत नाही, हे आपल्या अंगात भिनलेलं. मी सकाळी अनशापोटी तीन घेऊ लागलो, आणि त्याही दुधाच्या चहाबरोबर, म्हणजे चहाला चहाची सोबत. विमला मागे कशी राहील? तिने एक कॅप्सूल फोडून मुलतानी मातीत कालवून तोंडाला लावली आणि एक सोलकढीत घातली. त्या दिवशी जोगेश्वरीचे व्याही जेवायला होते. त्यांनी फारच अदबीने विचारलं, की यंदा कोकम कच्चंच उतरवलं का.

माझी तर वाट लागली. छातीत शिमग्याचे ढोल वाजायचे, हात थरथरायचे, पोटात ढवळायचं आणि एका जागी बसवत नसे. पेपरसुद्धा मी उभ्याने वाचायचो. शेवटी गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालायच्या बांबूला मधोमध पाण्याचा वीस लिटरचा कॅन बांधला आणि पालखी नाचवायचा सराव सुरू केला. मागचा खांदा चौथ्या मजल्यावरच्या विशालने दिला. (पोरगा जिमला जातो. आपलं गाव त्याने पाहिलेलं नाही, पण पावलं तुझ्यापेक्षा बरी टाकतो.) आठवड्याभरात सोसायटीने नोटीस लावली, की गच्चीवर मिरवणूक काढू नये. आम्ही कॅनखाली चादर बांधली आणि पायांत मोजे घालून नाचू लागलो.

एवढं होऊनही मळमळ थांबेना, तेव्हा विमलाने ओढून डॉ. निधीकडे नेलं. रक्त तपासलं, तर यकृताचे आकडे चढलेले. पोरगी वयाने लहान, पण बोलायला खमकी. म्हणाली, "काका, दिवसाला दोन कप प्या, कोण नको म्हणतंय? पण उपाशी पोटी अर्काच्या तीन-तीन गोळ्या? यकृताने राजीनामा द्यायचा का?" वजनावर त्याचा उपयोग झालाच तर थोडका होतो, एवढ्यासाठी लिव्हर पणाला लावू नका, असंही तिने बजावलं. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. दीड महिन्याने पुन्हा तपासलं, तेव्हा आकडे खाली आले होते.

गच्ची मात्र बंद केली नाही. आता कॅन खांद्यावर घेऊन पाच मजले चढतो आणि वर पोचल्यावर बोलतोही. पोट जवळजवळ गेलंच म्हण. जयाबाई याचं श्रेय डबीला देतात, विशाल स्वतःला देतो, मी देवीला देतो. तर शिमग्याला आम्ही येतो आहोत. सगळ्यांना यथायोग्य सांग, आणि लोभ आहे तो माझ्या पोटाकडे न बघता असू दे.

तुझा,
राजाराम

ता. क. पोट गेलं असं वर लिहिलंय, ते साधारणपणे. काट्यावर दीड किलो कमी भरलं, तेही चप्पल काढून. दम मात्र खरा आहे, विशालला फोन लावून विचार.

आणखी एक. मला सगळ्या गावभराचा खांदा नको, शाळेच्या चढणीला चैतन्यच राहू दे. फक्त आपल्या वळणापासून अंगणापर्यंत मला दे. आईला आता लांबचं दिसत नाही. पालखी आली की ती ओटीवरून विचारते, "पुढे कोण आहे?" गेल्या वर्षी चैतन्यचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "राजा आला नाय काय?" मी अंगणातच उभा होतो, दादा. मला ओ देता आली नाही.

भावोजींना विमलाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. लिहिता लिहिता हे दोनदा गच्चीवर जाऊन आले. यांना खांदा द्या. चैतन्यला हात मोकळे ठेवून यांच्या अगदी मागे चालायला सांगा, यांना कळू देऊ नका. आणि अंगणात शिरताना त्याला दोन पावलं मागे राहू द्या.