गवळ्याचा टेकलेला पाय

शनिवार, १२ मार्च १९८३

दमलोय. चौकात लाल दिव्याला थांबलो, तर मागचा रिक्षावाला ओरडला, "चला की पावणं, पोलीस न्हाय तितं!" रोजचंच.

शेजारी नेहमीचा म्हातारा गवळी. सायकलवर, एक पाय टेकून. मागं त्याची म्हैस. रोज आधी आम्ही दोघं थांबतो, मग दोनचार सायकलवालेही थांबतात. बाकीचे कडेनं पसार. एकदा विचारलं होतं, "मामा, तुम्ही का थांबता?" म्हणाला, "मी सुटलो की ही मागनं येतीया. तिला दिवा कळतोय व्हय?"

आज मात्र वैतागलो. रोज कशाला बोलणी खायची? स्कूटर दामटली.

पलीकडं जाऊन आरशात पाहिलं. माझ्यामागनं सगळ्या सायकली सुटल्या होत्या. गवळ्याचा पाय तसाच टेकलेला. म्हैस त्याच्या मागं गप उभी.