शंभर अंशांवरचा आकडा

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

जयदीपने आज तेलाबद्दल विचारलं!

साखरपुडा होऊन तीन आठवडे झाले. इतके दिवस ‘जेवलीस का’, ‘चाकण चौकात ट्रॅफिक होतं का’ याच्यापुढे आमचं बोलणं सरकत नव्हतं. आज दोघांना सुट्टी, म्हणून रहाटणीत चहाला भेटलो. बसल्या बसल्या म्हणाला, ‘इंजिनाला जाड तेल चांगलं का पातळ?’ मी जी सुटले ती सुटलेच. चहा गार झाला, दुसरा मागवला, तोही गार झाला.

सांगितलं त्याला – डब्यावरचा पहिला आकडा थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा. पहाटे गाडी चालू करताना तेल पातळच हवं, नाहीतर ते वर चढेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. तापल्यावर मात्र पाण्यासारखं होऊन चालत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच टाकायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मग त्याने विचारलं, ‘आणि जुन्या इंजिनात मुद्दाम जाड टाकलं तर?’ म्हटलं, आवाज दबतो, धूर कमी होतो, महिना-दीड महिना इंजिन तरुण वाटतं. दुखणं आतच. एखाद्या थंड पहाटे इंजिनच बसतं, जाम होतं. तेल आणखी घट्ट करायचं औषध बाटलीत मिळतं, तेही सांगितलं. काही म्हणून सांगायचं ठेवलं नाही!

आई म्हणाली, लग्न ठरलेल्या मुली काय बोलतात आणि आमचं हे ध्यान काय बोलतं. बोलू दे. चाकणच्या लॅबमध्ये पाच वर्षं तेलं तपासतेय, आणि बाबांना अजून वाटतं मी पेट्रोल पंपावर असते. माझ्या कामाबद्दल कोणी दुसरा प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ. मला तो आवडतो. लिहून टाकलं.

८ डिसेंबर, रविवार

जयदीपच्या गावी गेलो होतो, मी आणि आईबाबा. त्यांची जुनी डिझेल गाडी कालच विकली गेली. तात्या – म्हणजे होणारे सासरे – खुशीत होते. ‘दोन लाख किलोमीटर पळाली, पर इंजिनाचा आवाज म्हून न्हाई!’ घेणारा दापोडीचा, धम्मरत्न नावाचा. कंपनीच्या माणसांची ने-आण करणार आहे. नोकरी सोडून त्याने गाडी घेतली म्हणे.

यशोदाकाकूंनी, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंनी, माझ्या ओटीत नारळ घातला. जयदीप जेवायला सगळ्यात शेवटी आला आणि पटकन उठला. विचारलं तर म्हणाला, भूक नाही.

२६ डिसेंबर

शालू घेतला. मोरपंखी. चार दुकानं आणि आईच्या सतरा शंका! जयदीपला फोटो पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं – ‘छान.’ चार महिन्यांनी याच माणसाशी लग्न आहे, तेव्हा सवय करून घ्यावी.

११ जानेवारी २०२५, शनिवार



सकाळी खिडकीवरच्या अनिताने नमुने घेतले आणि नंबर टाकून माझ्या टेबलावर ठेवले. आमच्याकडे फक्त नंबर येतो, नाव-गाव कपाटातल्या अर्जावर असतं. तिसरी बाटली काळीकुट्ट, डिझेल गाडीची. शंभर अंशांवर लावली, स्टॉपवॉच धरलं. तेल नळीतून उतरायला किती वेळ लागतो त्यावरून घट्टपणाचा आकडा निघतो, तो साडेबाराच्या आत हवा. आला २२.४. म्हटलं नळी नीट धुतली नसेल. पुन्हा केलं. २२.४. इतकं घट्ट तेल असल्या कुठल्याच गाडीच्या पुस्तिकेत नसतं. त्यात बाटलीतलं औषध घातल्याशिवाय हे होत नाही.

मग अर्ज काढला. गाडीचा नंबर पाहिला. त्याच गाडीत बसून आम्ही अंगठ्या आणायला गेलो होतो!

धम्मरत्नने बारीक अक्षरात लिहिलंय – पहाटेच्या शिफ्टची माणसं आणायला निघालो, नाशिक रोडवर इंजिन बसलं. गाडी घेऊन पाच आठवडे झाले, मी तेल बदललेलं नाही. विकणारे म्हणतात तेल कंपनीचंच आहे, त्यांचा दोष नाही. रिपोर्टमध्ये दोष निघाला तर पैसे परत देऊ असं चार माणसांत कबूल केलंय.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा. आकड्याला माझी दया आली नाही.

संध्याकाळी जयदीपला फोन केला. म्हटलं, तुमच्या गाडीचं तेल माझ्या हातात आलंय. ‘काय निघालं?’ त्याने विचारलं. म्हटलं, तुला माहीत आहे काय निघालं. ‘तात्यांनी सांगितलं आणि मी टाकलं,’ म्हणाला. मी विचारलं, आता मी काय करू? ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ आणि फोन ठेवला.

एवढंच! रडला असता, ओरडला असता, खोटं लिही म्हणाला असता तरी चाललं असतं. मी ज्याला विचारतेय तो माझ्या बाजूला उभाच नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

रिपोर्टवर अजून सही केलेली नाही. शेखर सरांना सांगितलं, उद्या देते.

संध्याकाळी तात्या आणि यशोदाकाकू घरी आले. तिळगूळ, हलव्याचे दागिने, सगळं घेऊन. जयदीप नाही. ‘ड्युटी हाय त्याची.’ आईने चहा केला. काकूंनी माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि हात सोडलाच नाही. ‘त्या माणसानं तुझ्याच हापिसात तेल दिलंय म्हनं. देवच पावला म्हनायचा.’

तात्या म्हणाले, ‘पोरी, आकडाच तर हाय. बावीसचा बारा केलास तर कुनाचं काय जातंय?’

म्हटलं, तात्या, त्या माणसाची गाडी बंद पडून उभी आहे.

‘जुनी गाडी हाय. आज न्हाई तर उद्या बसलीच असती.’ आवाज चढवला नाही त्यांनी. त्याचीच भीती वाटली. काकू म्हणाल्या, ‘तुला आमच्याच घरात यायचंय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. घरातलं घरात ऱ्हावं.’

बाबा खिडकीबाहेर बघत बसले. तात्या-काकू गेल्यावर आई म्हणाली, ‘हर्षाली, मी तुला काही सांगणार नाही,’ आणि मग तासभर सांगत होती. पत्रिका छापायला गेल्यात. हॉल ठरलाय. मावशीचं मुंबईहून रिझर्व्हेशन झालंय. सगळं खरं आहे.

लाडू तसाच ताटलीत आहे.

१५ जानेवारी

सही केली. २२.४.

पेन आधी एक लिहायला टेकवलं होतं, हे फक्त इथे लिहितेय. १२.४ लिहायला किती सोपं होतं! मग वाटलं, या हाताने एकदा ते लिहिलं, तर उद्यापासून कुठल्याच आकड्यावर माझाच विश्वास बसणार नाही. मी फार धीराची वगैरे नाही. मला दुसरं काही येत नाही, एवढंच.

२० जानेवारी, सोमवार

लग्न मोडलं. निरोप घेऊन मध्यस्थ आले होते. ‘मुलगी शिकलेली आहे, आमच्या घरात रमणार नाही.’ अंगठी रुमालात बांधून त्यांच्याकडे दिली. बोटाला वळ राहिलाय.

जयदीपचा फोन नाही.

२ फेब्रुवारी

त्याचा नंबर मोबाइलमधून काढला. तोंडपाठ आहे, काय उपयोग!

२० फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टीचा दिवस नको वाटतो. लॅबमध्ये निदान हाताला काम असतं.

आई शालूचं नावही काढत नाही. मीच तो कपाटात वरच्या फळीवर टाकला, उशांच्या मागे. बाबा काल अचानक म्हणाले, ‘ते शंभर अंशांचं काय असतं, मला नीट सांग बघू.’ सांगायला घेतलं आणि दुसऱ्याच वाक्याला रडायला लागले. ते बिचारे घाबरून पाणी आणायला गेले.

लग्न मोडल्याचं दुःख आहेच. लोक बोलतात त्याचंही आहे, नाही कशाला म्हणू. पण खरं दुखतं ते वेगळंच. त्या दिवशी चहावर त्याने विचारलं आणि मला वाटलं, हा मला विचारतोय. तो गाडीसाठी विचारत होता! मी हसून हसून, हातवारे करून, धम्मरत्नचं इंजिन कसं मारायचं ते त्याला शिकवलं. आणि घरी येऊन लिहिलं, मला तो आवडतो.

अजूनही आवडतो. याचा सगळ्यात जास्त राग येतो. बापापुढे तोंड न उघडणारा माणूस, माझ्यासाठी एक शब्द न खर्चलेला – आणि मी चाकणच्या सिग्नलला प्रत्येक हेल्मेटच्या आत त्याला शोधते. त्याने एकदा, फक्त एकदा म्हणायला हवं होतं की तू बरोबर केलंस.

२२ मार्च, शनिवार

अनिता रजेवर, म्हणून नमुने घ्यायला आज मीच खिडकीशी होते. धम्मरत्न आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. पैसे परत मिळाले, आता दुसरी जुनी गाडी पाहिलीय. म्हणाला, यावेळी घेण्याच्या आधीच तेल तपासतो.

नाव लिहून घेताना विचारलं, आमचा पत्ता तुम्हाला कोणी दिला होता?

‘ज्यांची गाडी घेतली, त्यांच्याच मुलाने. जयदीपभाऊंनी. गाडी बसली त्याच दिवशी घरच्यांच्या चोरून आले होते. म्हणाले, वडिलांपुढे माझं तोंड उघडत नाही, पण तिथे हर्षाली मॅडम आहेत, तेल त्यांच्याकडेच द्या. त्या माझ्यासाठीसुद्धा आकडा बदलणार नाहीत.’

मग पेढ्यांचा पुडा खिडकीतून आत सरकवला. ‘आहेत का त्या आज?’